वाक्प्रचार म्हणजे नेमके काय, आणि तो साध्या शब्दांपासून वेगळा कशाने ठरतो?

नवखा_शिक्षक (प्रश्न)

मराठी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा काही प्रौढांना मी मराठी शिकवतो. वाक्प्रचारांपाशी आलो की शाळेत शिकलेली व्याख्या सांगतो : शब्दशः होणाऱ्या अर्थापेक्षा वेगळ्या, विशिष्ट अर्थाने भाषेत रूढ झालेला शब्दसमूह म्हणजे वाक्प्रचार. एरवी एवढ्यावर भागत असे. परंतु एका विद्यार्थिनीने या व्याख्येवर घेतलेल्या आक्षेपाला माझ्याकडे नेमके उत्तर नाही, म्हणून येथे विचारत आहे.

तिचे म्हणणे असे : ‘हात’ या शब्दातल्या ‘हा’मध्ये किंवा ‘त’मध्ये हाताचा अर्थ कोठेच दडलेला नाही. तो शब्द आणि त्याचा अर्थ तिला पाठच करावा लागला. ‘हात टेकणे म्हणजे निरुपाय होऊन हार मानणे’ हेदेखील ती तसेच पाठ करते. दोन्हीकडे अर्थ केवळ रूढीने ठरलेला असेल, तर एकाला शब्द आणि दुसऱ्याला वाक्प्रचार म्हणण्याचे प्रयोजन काय?

त्याला जोडून माझ्याही दोन शंका आहेत. ‘निर्णय घेणे’, ‘गप्पा मारणे’, ‘मदत करणे’ हे प्रयोग काही याद्यांमध्ये वाक्प्रचार म्हणून दिलेले आढळतात. त्यांना वाक्प्रचार मानावे का? आणि ‘तो अगदी गाढव आहे’ या वाक्यात ‘गाढव’ हा शब्दही मूळ अर्थाने आलेला नाही, मग त्या एकट्या शब्दाला वाक्प्रचार का म्हणत नाहीत?

व्याकरणवेडा

आपल्या विद्यार्थिनीचा आक्षेप क्षुल्लक नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ साली जवळपास हीच भूमिका घेतली होती. ज्या रूपाचा अर्थ त्याच्या रचनेवरून काढता येत नाही ते प्रत्येक रूप वाक्प्रचारासारखेच आहे, असे मानून त्यांनी सुट्या, आणखी न फोडता येणाऱ्या शब्दांनाही त्याच कप्प्यात बसवले. तर्काच्या दृष्टीने यात खोट काढणे अवघड आहे. पण उपयोगाच्या दृष्टीने ती व्याख्या फारशी कामाची नाही, कारण ती ज्या दोन गोष्टी एकत्र करते त्यांच्यातला फरक डोळ्यांआड होतो.

फरक असा. ‘हात’ या शब्दातल्या ‘हा’ला सोडून द्यायला मुळात अर्थच नाही. ‘हात टेकणे’ या समूहात मात्र ‘हात’ आणि ‘टेकणे’ या दोघांनाही आपापला अर्थ आहे, तो भाषेत इतरत्र रोज वापरात आहे, आणि तरीही या विशिष्ट जोडीत तो बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे वाक्प्रचाराचा अर्थ कळण्यासाठी केवळ नवे काही शिकून चालत नाही. आधी शिकलेले त्या जागी लागू करायचे नाही, हेही शिकावे लागते. नव्याने भाषा शिकणाऱ्याला वाक्प्रचार फसवतो तो याच कारणाने. अनोळखी शब्द आला तर आपल्याला तो ठाऊक नाही हे निदान कळते. ‘ठेकेदाराने ऐन वेळी हात वर केले’ या वाक्यातला मात्र प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, आणि तरीही ठेकेदाराने जबाबदारी झटकली हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा फरक मला त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा फार कमी होते. वाक्प्रचार अर्थाने एका शब्दासारखा वागत असला, तरी व्याकरणाने तो शब्दसमूहच राहतो. त्याच्या आतले लिंग, वचन आणि विभक्ती जिवंत असतात. ‘तिचे धाबे दणाणले’ हे वाक्य पाहा. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर, हे आज बोलणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. तरीही तो शब्द नपुंसकलिंगी आहे याचे भान क्रियापद चोख राखते. ‘तिची कंबर खचली’ यात क्रियापद स्त्रीलिंगी होते ते कंबरेमुळे, आणि खचलेली व्यक्ती पुरुष असली तरी त्यात बदल होत नाही. विशेषणांचे तर आणखी गमतीदार आहे. ‘त्यांनी या वेळी चांगलीच कंबर कसली आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘चांगलीच’ हे रूप कंबरेशी जुळते, पण चांगली असते ती कंबर नव्हे. तो शब्द संपूर्ण निश्चयाचा जोर वाढवतो. एकाच शब्दाचे रूप एकाला बांधलेले आणि अर्थ दुसऱ्याला, हा प्रकार साध्या पदसमूहात सहसा होत नाही.

याचा परिणाम वाक्याच्या संपूर्ण रचनेवर होतो. ‘फसवणे’ या क्रियापदाला कर्म लागते : त्याने मला फसवले. तोच अर्थ ‘तोंडाला पाने पुसणे’ या वाक्प्रचाराने सांगायचा असेल तर फसलेली व्यक्ती षष्ठीत जाते : त्याने माझ्या तोंडाला पाने पुसली. ‘मी झोपलो’ या वाक्यातला कर्ता ‘माझा डोळा लागला’ या वाक्यात डोळ्याचा मालक होऊन बसतो. ‘पहारेकऱ्यांपासून निसटला’ याच्या जागी ‘पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या’ असे म्हणावे लागते. शब्दाच्या जागी समानार्थी शब्द सहसा तसाच ठेवता येतो. वाक्प्रचाराच्या जागी त्याचा अर्थ ठेवताना वाक्य नव्याने बांधावे लागते.

आता ओळखण्याच्या कसोट्या. वाक्प्रचारातला शब्द त्याच्या समानार्थी शब्दाने बदलून पाहावा : ‘हस्त टेकले’ किंवा ‘नेत्र लागला’ असे म्हटले की अर्थ नाहीसा होतो आणि उरते ते हसू. वचन बदलून पाहावे : ‘हात वर केला’ म्हणजे नुसता हात उचलला, जबाबदारी झटकायची तर ‘हात वर केले’ असे अनेकवचनच हवे. ‘डोळा लागणे’ म्हणजे झोप येणे, आणि ‘वाटेकडे डोळे लागणे’ म्हणजे आतुरतेने प्रतीक्षा करणे. एका मात्रेने झोपेची जागरणाशी अदलाबदल होते. प्रयोजक रूप करून पाहावे : ‘हात टेकवले’ म्हटले की हात खरोखरच जमिनीला किंवा टेबलाला लागतात.

सर्वांत लक्षणीय कसोटी नकाराची आहे. ‘त्याने चकार शब्द काढला नाही’ हे मराठी आहे; ‘त्याने चकार शब्द काढला’ हे मराठी नाही. ‘तो कोणालाही भीक घालत नाही’ म्हणजे तो कोणाची पर्वा करत नाही, पण त्यातला नकार काढला की समोर खरोखरचा भिकारी उभा राहतो. ‘दाद’ या शब्दाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. गाण्याला दाद देणे म्हणजे प्रशंसा करणे, न्यायासाठी दाद मागणे म्हणजे गाऱ्हाणे मांडणे, आणि ‘त्याने विनंतीला दाद दिली नाही’ म्हणजे विनंती मानली नाही. येथे प्रशंसेचा काहीही संबंध नाही. साध्या वाक्यात नकार आला की अर्थ उलटतो. येथे नकार आला की अर्थ भलतीकडेच जातो.

आपल्या ‘गाढव’विषयीच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. तेथे अर्थ पालटला आहे हे खरे, पण तो एका शब्दाचा लाक्षणिक वापर आहे. शालेय व्याकरणात ‘गुळाचा गणपती’, ‘उंटावरचा शहाणा’, ‘गोगलगाय’ अशा नामवाचक प्रयोगांना आलंकारिक शब्द असे वेगळे नाव आहे, ते येथे लागू होते. वाक्प्रचारासाठी किमान दोन शब्द आणि त्यांची ठरलेली जुळणी हवी, आणि मराठीत त्याच्या शेवटी बहुधा क्रियापद असते. क्रियापद काळ, पुरुष आणि वचनाप्रमाणे चालते, म्हणून वाक्प्रचार वाक्यात मिसळून जातो. म्हण तशी मिसळत नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हे स्वतःच पूर्ण विधान आहे. त्याला कर्ता पुरवावा लागत नाही.

शंकेखोर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यातल्या कसोट्या मला जरा जास्तच कडक वाटतात. लेखक आणि पत्रकार वाक्प्रचारांशी सर्रास खेळतात. ‘या वेळी त्यांनी एका नव्हे, दोन्ही कानांना खडे लावले’ असे वाक्य कोणी लिहिले तर ते आपल्याला कळते आणि आवडतेही. शब्द बदलले, वचन बदलले, तरी अर्थ शाबूत राहिला. मग स्थिरता हे वाक्प्रचाराचे लक्षण कसे?

शिवाय शब्दशः अर्थ अशक्य असणे हीच खरी खूण आहे, असे मला वाटते. पोटात कावळे ओरडू शकत नाहीत आणि आकाशाला गवसणी घालता येत नाही, म्हणून हे वाक्प्रचार. एवढी सोपी कसोटी हाताशी असताना बाकीचा खटाटोप कशासाठी?

व्याकरणवेडा

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे मला अजिबात सहमत होता येत नाही. हात वर करणे, पाय घसरणे, कान टोचणे, पाणी पाजणे या सर्व कृती प्रत्यक्षात घडू शकतात आणि घडतात. बर्फावरून चालताना पाय घसरतो, आणि मोहाच्या क्षणीही घसरतो. शब्दशः अर्थ अशक्य असणे ही कसोटी धरली तर हे सगळे यादीतून बाहेर पडतील. उलट बाजूनेही ती टिकत नाही, कारण एखाद्याने नुकतीच रचलेली ‘शब्दांनी भिंत चाटली’ अशी ओळ शब्दशः अशक्य असूनही वाक्प्रचार नसते. अशक्यतेने एवढेच होते की वाचणाऱ्याला शब्दशः अर्थाचा मार्ग बंद असल्याचे लवकर कळते.

खेळाचा मुद्दा मात्र योग्य आहे, आणि त्याने माझे म्हणणे पुसले जात नाही, तर अधिक नेमके होते. दोन्ही कानांच्या खड्यांची गंमत ज्याला मूळ ‘कानाला खडा लावणे’ ठाऊक आहे त्यालाच कळते. मोडलेले रूप मूळ रूपाकडे बोट दाखवत असते. साध्या पदसमूहात असा खेळ करताच येत नाही. ‘दोन पुस्तके वाचली’ यात कोणाला विनोद दिसणार? तेव्हा वाक्प्रचार बदलता येत नाही असे म्हणण्यापेक्षा, तो बदलल्याचे लक्षात येते असे म्हणावे. ही दुरुस्ती मी आनंदाने स्वीकारतो.

कोशवाचक

मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या शंकेकडे अद्याप कोणी वळलेले दिसत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. वाक्प्रचार आणि साधा पदसमूह यांच्यामध्ये भिंत नसून उतार आहे. रशियन भाषाशास्त्रज्ञ विनोग्रादोव यांनी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या उताराच्या तीन पायऱ्या कल्पिल्या. त्यांची परिभाषा न वापरता मराठी उदाहरणांनी सांगतो.

एका टोकाला असे प्रयोग असतात की त्यांच्या घटकांवरून अर्थाचा काहीच माग लागत नाही : ‘हातावर तुरी देणे’, ‘नाकी नऊ येणे’. मधल्या पायरीवर चित्र अजून दिसत असते. ‘कंबर कसणे’ ऐकले की कामाला सज्ज झालेला माणूस नजरेसमोर येतो, आणि ज्याने हा प्रयोग कधी ऐकला नाही त्यालाही संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधता येतो. तिसऱ्या पायरीवर एक शब्द आपला अर्थ पूर्णपणे राखतो आणि दुसरा फक्त रूढीने त्याच्या सोबतीला येतो. ‘गप्पा मारणे’ यात गप्पा या गप्पाच असतात. ‘मारणे’ मात्र मारण्याचे काम करत नाही. हाक मारणे, उडी मारणे, चक्कर मारणे ही सगळी त्याच कुळातली. ‘निर्णय घेणे’, ‘शपथ घेणे’, ‘लक्ष देणे’ यांचेही तेच.

‘मदत करणे’ याला तर मी या उतारावरही जागा देणार नाही. ‘करणे’ हे क्रियापद मराठीत हव्या त्या क्रियावाचक नामाला जोडता येते : अभ्यास करणे, विचार करणे, प्रवास करणे. जे नियमाने तयार होते ते लक्षात ठेवावे लागत नाही. ‘देऊन टाकणे’, ‘लिहून टाकणे’, ‘विकून टाकणे’ या संयुक्त क्रियापदांचेही तसेच आहे. तेथे ‘टाकणे’ आपला मूळ अर्थ सोडते खरे, पण दर वेळी ठरावीक पद्धतीने सोडते, म्हणून तो व्याकरणाचा विषय होतो. वाक्प्रचार ही एकेका प्रयोगाची वैयक्तिक लहर असते. काही याद्यांमध्ये हे सगळे सरमिसळ केलेले असते आणि त्यामुळे विद्यार्थ्याला वाक्प्रचार म्हणजे ‘णे’ने संपणारे दोन शब्द, एवढाच बोध होतो. ही सरमिसळ मला घातक वाटते.

पायरी ओळखण्याची एक युक्ती सांगतो. त्यातल्या नामाविषयी पुढच्या वाक्यात सर्वनामाने बोलून पाहा, किंवा ‘कोणता’ असा प्रश्न विचारून पाहा. ‘त्यांनी निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो फिरवला’ हे वाक्य निर्दोष आहे, ‘कोणता निर्णय?’ हा प्रश्नही रास्त आहे. आता ‘त्यांनी गाशा गुंडाळला आणि तो गाडीत ठेवला’ असे म्हणून पाहा. ऐकणारा हसेल, कारण गाशा नावाची वस्तू त्या वाक्यात नव्हतीच.

या युक्तीने एक अनपेक्षित गोष्टही हाती लागते. ‘त्याचे बिंग फुटले, ते फोडले कोणी, हे मात्र कळले नाही’ हे वाक्य बिनदिक्कत चालते. म्हणजे ‘बिंग फुटणे’ हा अस्सल वाक्प्रचार असूनही त्यातल्या ‘बिंग’ला लपवलेली गोष्ट आणि ‘फुटणे’ला उघड होणे, असे अर्थाचे सरळ वाटे पडलेले आहेत. नन्बर्ग, सॅग आणि वासो या तिघांनी १९९४ साली नेमका हाच भेद इंग्रजीच्या संदर्भात मांडला होता : काही वाक्प्रचारांचा अर्थ घटकांमध्ये वाटला जातो, तर काहींचा एकसंध राहतो, आणि ज्यांचा वाटला जातो ते व्याकरणाच्या बाबतीत अधिक लवचिक असतात. तेव्हा ‘वाक्प्रचारातील शब्दांना स्वतंत्र अर्थ नसतो’ हे सरसकट विधान आपल्या विद्यार्थ्यांना सांगू नये.

जाता जाता व्युत्पत्तीविषयी थोडे, कारण वाक्प्रचार शिकवताना तिचा मोह सगळ्यांनाच होतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे वस्त्र. मुक्काम हलवायचा म्हणून ते गुंडाळायचे. छत्तिसाचा आकडा देवनागरीत ‘३६’ असा लिहिला की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे दिसतात, म्हणून वैर. ‘ध चा मा करणे’ या प्रयोगामागे १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवतीची, ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची दंतकथा आहे. या गोष्टींमुळे वाक्प्रचार लक्षात राहतो, आणि तेवढ्यापुरत्या त्या अवश्य सांगाव्यात. पण उगम म्हणजे अर्थ नव्हे. आज दुकान बंद करून निघून जाणाऱ्याने गाशा गुंडाळला असे आपण म्हणतो तेव्हा घोडा कोणाच्याही मनात नसतो.

आपल्याकडील काव्यशास्त्रात या प्रश्नावर फार जुना वाद आहे. शब्दाचा मुख्य अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घ्यायचा, याला लक्षणा म्हणतात, आणि तो दुसरा अर्थ केवळ रूढीने पक्का झालेला असेल तर ती रूढिलक्षणा. अकराव्या शतकातील मम्मटाने तिच्यासाठी ‘कुशल’ या शब्दाचे उदाहरण दिले : मूळ अर्थ कुश नावाचे गवत तोडून आणणारा, रूढ अर्थ निपुण. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ते अमान्य केले. त्याचे म्हणणे असे, की शब्द कसा बनला याचे निमित्त वेगळे आणि तो कशासाठी वापरला जातो याचे निमित्त वेगळे. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थच मुख्य मानला, तर ‘गाय झोपली आहे’ या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. कारण ‘गो’ शब्द ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि झोपलेली गाय कोठेही जात नसते! आपल्या विद्यार्थिनीला हा युक्तिवाद जरूर ऐकवावा, कारण तिचा आक्षेप विश्वनाथाच्या बराच जवळ जातो. रूढी पुरेशी जुनी झाली की लक्षणेने मिळालेला अर्थच मुख्य होऊन बसतो.

मनोभाषा

या चर्चेला एक पुरवणी जोडतो. ‘आधी शब्दशः अर्थ लावला जातो, तो जमला नाही की मग वाक्प्रचाराचा अर्थ शोधला जातो’ असे अनेक जण गृहीत धरतात. वाक्प्रचार हा साध्या बोलण्यापासूनचा अपवाद आहे, ही कल्पना याच समजातून येते. प्रयोगांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. स्विनी आणि कटलर यांनी १९७९ साली इंग्रजी भाषकांना काही पदसमूह दाखवून ते अर्थपूर्ण आहेत का, हे ठरवायला सांगितले. तेव्हा परिचित वाक्प्रचारांवरचा निर्णय तशाच रचनेच्या साध्या पदसमूहांपेक्षा लवकर झाला. आधी एक अर्थ लावून तो टाकून द्यावा लागत असता, तर अधिक वेळ लागायला हवा होता.

पुढे १९८८ साली काच्चारी आणि ताबोस्सी या दोघींनी इटालियन वाक्प्रचारांवर काम करून एक बारकावा दाखवला. वाक्प्रचार शेवटच्या शब्दाआधीच ओळखू येत असेल तर त्याचा रूढ अर्थ लगेच हाताशी येतो; तसा ओळखू येत नसेल तर शेवटच्या शब्दापाशी त्याचा शब्दशः अर्थच जागा होतो आणि रूढ अर्थ त्याच्या थोडा मागून येतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे हे निरीक्षण आपल्याला फार लागू पडेल, असे मला वाटते. ‘माझ्या तोंडाला पाने…’ एवढे ऐकले की पुढे ‘पुसली’च येणार, हे मराठी माणसाला कळलेले असते. ‘त्याने हात…’ एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. पुढे दिला, मारला, टेकले, आखडता घेतला, यांपैकी काहीही येऊ शकते. नवखा विद्यार्थी पहिल्या प्रकारातही शेवटपर्यंत थांबून राहतो, आणि त्याला वाक्प्रचार जड जाण्याचे एक कारण हेही असावे.

नवखा_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. उतार आणि सर्वनामाची युक्ती या दोन गोष्टी मी पुढच्याच तासाला वापरणार आहे. आता एक व्यावहारिक प्रश्न : विद्यार्थ्यांनी वाक्प्रचार वहीत कसे नोंदवावेत? आतापर्यंत मी डावीकडे वाक्प्रचार आणि उजवीकडे एका शब्दात अर्थ, अशी दोन रकान्यांची पद्धत वापरत होतो. वरील चर्चेनंतर ती अपुरी वाटते.

कोशवाचक

ती अपुरीच आहे, कारण तीत तीन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे रचना. नुसते ‘तोंडाला पाने पुसणे’ असे न लिहिता ‘(कोणी) (कोणाच्या) तोंडाला पाने पुसणे’ असे लिहावे, म्हणजे ‘मला तोंडाला पाने पुसली’ अशी वाक्ये तयार होणार नाहीत. नकारातच वापरायचे प्रयोग नकारासह नोंदवावेत : ‘चकार शब्द न काढणे’. वचन ठरलेले असेल तर भूतकाळाचे एक रूप शेजारी लिहावे : ‘हात टेकले’.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रसंग. पाणी पाजणे, धूळ चारणे आणि खडे चारणे या तिन्हींचा अर्थ ‘पराभव करणे’ असा दिला जातो आणि तो चूक नाही. पण बोलणारा जिंकणाऱ्याच्या बाजूने उत्साहाने बोलतो आहे, हे ‘पराभव करणे’ या कोरड्या शब्दांतून कळत नाही. मृत्यूविषयीच्या प्रयोगांत तर ही जाण नसली तर अनर्थच होईल. ‘देवाज्ञा होणे’, ‘डोळे मिटणे’, ‘राम म्हणणे’ आणि ‘गचकणे’ यांच्यापुढे एकच अर्थ लिहून ठेवलेला विद्यार्थी एखाद्या शोकपत्रात कोणता प्रयोग उचलेल, याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तो प्रयोग कोणाविषयी आणि कोणासमोर करता येतो हे दोन-चार शब्दांत लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण वाक्य, आणि तेही असे की त्यातून अर्थ निसटणार नाही. ‘राजाने कंबर कसली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते लिहिणाऱ्याला अर्थ कळला आहे की राजाने पट्टा आवळला असे त्याला वाटते आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘दुष्काळ तोंडावर आल्यामुळे विहिरी खोल करण्यासाठी गावाने कंबर कसली’ असे वाक्य असेल तर शंका राहत नाही.

क्रम कसा लावावा हेही विचारात घ्या. मोल्सवर्थ यांच्या १८३१च्या कोशापासून सामान्य कोशांची प्रथा अशी, की असे प्रयोग त्यांतल्या मुख्य नामाखाली द्यायचे. पुढे दाते आणि कर्वे यांनी वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोशच संपादित केला. विद्यार्थ्यांच्या वहीत नामाखालीच नोंदी कराव्यात. ‘हात’ या एका शब्दाखाली देणे, मारणे, टेकणे, वर करणे, आखडता घेणे, हातावर तुरी देणे असे सगळे प्रयोग एकाखाली एक आले, की वचनाचे आणि विभक्तीचे फरक आपोआप नजरेत भरतात. क्रियापदाखाली नोंदी केल्या तर ‘लागणे’ आणि ‘मारणे’ यांची पाने तेवढी भरतील आणि बाकीची वही रिकामी राहील.